बोरीवली ते नाहूर, पाठीसकट

बोरीवलीहून नाहूरला जाण्याचे सोपे मार्ग अनेक आहेत आणि शहाणी माणसे त्यांनीच जातात. मधला डोंगर, डोंगरावरचे राष्ट्रीय उद्यान आणि उद्यानातले बिबटे टाळून वळसा घेतला, तर अंतर साधारण चोवीस किलोमीटर भरते. रिक्षाला दीड तास पुरतो. मला तीन दिवस लागले आणि वाटेत दोन मुक्काम करावे लागले. हिमालयात जाऊन आलेली माणसे आमच्या इमारतीत चार आहेत आणि त्यांची छायाचित्रे आम्ही सगळ्यांनी दोनदा पाहिली आहेत. सायकलने नाहूरला जाऊन आलेला मात्र मी एकटाच. या विषयावर अजून कोणी लिहिलेले नाही, एवढ्याच आधारावर हे वर्णन वाचकांसमोर ठेवण्याचे धाडस करतो.

सायकल चालवायला मी शिकलो सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी का नाही, याचे उत्तर आईपाशी होते आणि ते तिने आयुष्यभर एकाच वाक्यात दिले. गावी वर्गातली सगळी मुले भाड्याच्या सायकलींवर गुडघे फोडून घेत असताना मी ओटीवर बसून पाढे म्हणत असे. सायकल मागितली की आई म्हणे, "लोखंड आहे ते." या वाक्याचा अर्थ मला कधी कळला नाही, आणि विचारण्याचा स्वभाव नव्हता. पुढे एका महाविद्यालयात ग्रंथपाल झालो. तिथे तर न विचारणे हाच सद्गुण ठरला. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी मी सायकल घेतली.

अपघात मोठा व्हावा एवढा वेग माझ्यात कधीच नव्हता. आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर एक गृहस्थ मधोमध चालत फोनवर बोलत होते. घंटी वाजवणे म्हणजे अनोळखी माणसाच्या पाठीमागून ओरडणे, असे माझे मत होते. म्हणून मी त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने पन्नासएक पावले गेलो, दोनदा हळूच खाकरलो आणि शेवटी डावीकडून पुढे जाण्याचा बेत केला. डावीकडे रस्ता खणलेला होता. त्या गृहस्थांचे बोलणे चालूच राहिले. मी खड्ड्याच्या काठावर आपटलो, मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायाकडे जाणारी नस तिच्याखाली सापडली. शस्त्रक्रिया झाली, पाठीत दोन स्क्रू बसले. डावे पाऊल नीट उचलेनासे झाले. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि ते मला दोन पावले पुढे गेल्यावर कळायचे.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नाहूरहून मला पाहायला आले. पाठीची चौकशी एका वाक्यात संपली. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सुधाकर, सायकल आता तू काही चालवत नाहीस. उगाच गंजेल. मला दे." मी औषधांच्या गुंगीत होतो. पण खरे सांगायचे तर शुद्धीत असतो तरी हेच झाले असते. मी म्हणालो, "हो, हो. आणून देतो."

या शब्दाला दहा महिने झाले. तोवर मी चालू लागलो होतो, पायऱ्या उतरू लागलो होतो आणि रात्रंदिवस सायकलखेरीज दुसरा विचार करत नव्हतो. माझी फिजिओथेरपिस्ट ऋद्धी हिने एक परीक्षा नेमून दिली होती. डाव्या एका पायावर, भिंतीला हात न लावता, तीस आकडे उभे राहायचे. माझी मजल अकरापर्यंत. "काका, तीस झाले की सायकल मोकळी. तोपर्यंत दिवसाला आठ किलोमीटर. नववा नाही. दुखलं की उतरायचं, हिरोगिरी नको."

इकडे भाऊजींचे फोन सुरू होते. तेव्हा मी मनाशी ठरवले की सायकल टेम्पोत घालायची नाही, चालवतच नाहूरला न्यायची. पोहोचलो तर भाऊजींच्या तोंडावर 'देणार नाही' म्हणायचे. वाटेत कुठे रिक्षा करावी लागली, तर मुकाट्याने सायकल त्यांच्या हवाली करायची. ज्याला सायकल द्यायची नाही त्याच्याच दारात ती नेऊन उभी करणे, ही युद्धनीती कोणत्या ग्रंथात आहे हे मी ग्रंथपाल असूनही सांगू शकत नाही.

पहिला दिवस: बोरीवली ते गोरेगाव

बोरीवलीत कोणी प्रवासाला निघाले की शेजारी थेपले देतात. मेहताकाकींनी डबा दिला आणि विचारले, "नाहूर? ते महाराष्ट्रातच ना?" मी हो म्हणालो. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे एकदा आणि सायकलीकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस टिकतात हां थेपले." त्यांच्या अंदाजाबद्दल मी कृतज्ञ राहिलो.

हमरस्त्याकडेच्या सेवा रस्त्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. मला मागे टाकून गेलेल्या वाहनांत भंगाराची एक हातगाडी होती, एवढी नोंद पुरे. गोरेगावला मावशीच्या इमारतीखाली उतरलो तेव्हा पाठ शाबूत होती. डाव्या पायाचा अंगठा मात्र नेहमीप्रमाणे बातमी द्यायला तयार नव्हता.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका गिरणीत होते तेव्हापासून ती मुंबईत आहे. पन्नास वर्षे झाली, पण तिची मालवणी अजून बोटीतून उतरलेली नाही.

"सायकलीन इलस?"

"होय."

"मेल्या, तुझ्या आवशीन जल्मात तुका सायकलीर बसाक देवक नाय. ती गेली तशी तू सुटलंस. कंबरेक काय झाला?"

"गादी सरकली होती, मावशी."

"गादी सरकली तर ती परत नीट घालूची. त्येका ऑपरेशन कित्याक?"

मी मणक्यांच्या रचनेवर चार वाक्ये बोललो. ती शांतपणे ऐकून मावशीने निकाल दिला, "म्हणजे उसण." बोरीवलीतही हाच निकाल लागला होता. पाठीत अचानक भरणारी कळ म्हणजे उसण. आमच्या लोकांच्या वैद्यकशास्त्रात पाठीचा हा एकच रोग आहे. बोरीवलीत त्यावर चुंबकाचा पट्टा सुचवतात. गोरेगावात पायाळू आणतात.

वाचकांपैकी ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळते, असा समज आहे. पाय लावला असे म्हणायचे ते शिष्टाचार म्हणून. प्रत्यक्षात ती लाथ असते. मी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ खात होतो तेवढ्यात मावशीने समोरच्या घरातून परबांना बोलावून आणले. परब एका चित्रीकरणाच्या स्टुडिओत फाटकावर सुपरवायझर आहेत. वजन शंभर किलोच्या आतबाहेर. त्यांना पाहताच घास माझ्या तोंडात थांबला. पाठीतल्या दोन स्क्रूंचे काय होईल याचे चित्र मला स्पष्ट दिसले. तरी मी काय म्हणालो, तर, "या ना, बसा."

कुकरची शिट्टी झाली आणि मावशी आत गेली. परब माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

"ऑपरेशन झालंय काय साहेब?" ते हळूच म्हणाले.

"झालंय. स्क्रू आहेत."

"मग मी नुसता टेकवतो. जोर नाय लावत." थोडे थांबून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज आणखी खाली आणला. "खरं सांगू काय? पायाळू मी नाय. मोठा भाऊ होता, तो नालासोपाऱ्याला गेला राहायला. एकदा एक बाई आली, वाकलेली, डोळ्यांत पाणी. भाऊ समजून मलाच म्हणाली पाय लावा. मला नाय म्हणता येत नाय हो. लावला. तिला बरं वाटलं ना. तिथेच माझी वाट लागली."

"मग नंतर सांगायचं."

"आता? अर्ध्या गल्लीच्या पाठी झाल्यात. सकाळी दात घासत असतो तर दारात माणूस उभा. कधी कोण चहाला बोलवत नाय, साहेब. पायालाच बोलवतात."

मी त्यांच्याकडे नीट पाहिले. आरशात पाहावे तसे झाले. फरक इतकाच, की आरसा शंभर किलोचा होता.

मावशी बाहेर आली. मी पाठ केली. परबांनी मोजा घातलेला पाय इस्त्रीच्या कपड्याला हात लावावा तसा माझ्या शर्टाला लावला आणि काढून घेतला.

"कसा वाटता?" मावशीने विचारले.

"बरं वाटतंय," मी म्हणालो.

"बघ," मावशी म्हणाली. परब खाली मान घालून निघू लागले. मी त्यांना चहाला थांबवले. माझ्या हातून त्या दिवशी झालेले एकमेव धाडस ते.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. "कुठवर आली?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, गोरेगावला पोहोचलो. ते म्हणाले, "ओरखडा वगैरे नाही ना पडला कुठे?" मी पाठीला हात लावून नाही म्हणालो. मग लक्षात आले की प्रश्न सायकलविषयी होता.

दुसरा दिवस: गोरेगाव ते पवई

आरेच्या रस्त्यावर झाडी आहे, सावली आहे आणि सकाळी सायकलवाले आहेत. झाडी आणि सावली जुनी. सायकलवाले अलीकडचे. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, काळे चष्मे, आणि मनगटावर एक यंत्र, जे त्यांना ते जिवंत असल्याचे दर मिनिटाला कळवत असते. एका चहाच्या टपरीपाशी अशांचा एक कळप थांबला होता. मी कडेने निसटू पाहत होतो, पण त्यांच्या म्होरक्याने मला हेरले.

"काका, एकटेच? कंबरेला बेल्ट कसला?"

मी थोडक्यात सांगितले. शस्त्रक्रिया हा शब्द ऐकताच सगळे चष्मे माझ्याकडे वळले.

"आणि आज किती?"

"सात," मी म्हणालो. माझा आवाज मुळात बारीक, त्यात हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली.

"साठ? झकास. ऐकलं का रे, स्पाइनचं ऑपरेशन, आणि काका आज साठ करून आले."

एका अक्षराचा फरक. दुरुस्त करायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतलाही, पण तोवर तिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, एकाने केळे सोलून हातात दिले होते आणि म्होरक्या फोन उंच धरून सगळ्यांना फ्रेममध्ये घेत होता. छायाचित्रात मी केळे आणि अपराधी चेहरा घेऊन मधोमध आहे. लोकांनी तो चेहरा विनम्रतेचा समजला, असे मागाहून कळले. दुसऱ्याची पाठ मोडल्याशिवाय यांना सकाळी उठायची प्रेरणा मिळत नसावी, असे मला वाटून गेले. पण केळे चांगले होते.

"चला काका, चढ आमच्याबरोबर," म्होरक्या म्हणाला. मी "हो, हो" म्हणालो आणि पाठोपाठ निघालो. चढाच्या तिसऱ्या हिश्शात डावा पाय पेडलवरून घसरला. घसरला हे मला पोटरीला पेडलचा दात लागल्यावर समजले, तळव्याला नाही. सायकल डुगडुगली. मी उतरलो. रंगीत पाठी वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पोटरीवरचे रक्त पुसले. इथून रिक्षा मिळते. दोन गेल्याही. एकाने वेग कमी करून सायकलीकडे आणि मागच्या जागेकडे अंदाजाने पाहिले. करार माझा माझ्याशीच होता. तो मोडला तर कुणाला कळणार नव्हते. सायकल भाऊजींकडे गेली असती, मी घरी, आणि सगळ्यांनी मला शहाणे म्हटले असते.

रिक्षावाल्याला मी मानेनेच नकार दिला. मग सायकल झाडाला टेकवली आणि ऋद्धीची परीक्षा तिथेच देऊन पाहिली. डाव्या पायावर उभा राहिलो, डोळे समोरच्या फांदीवर लावले आणि मोजू लागलो.

पलीकडच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन येत होती. ती थांबली. भारा डोक्यावर तसाच, मान ताठ, आणि चेहऱ्यावर निर्मळ कुतूहल.

"नवस हाय का?"

"नाही. पाय दुखावलाय."

"मग दुखऱ्यावर कशाला उभं ऱ्हायलाव? दुसरा हाय की."

चौदाव्या आकड्याला मी हसलो आणि पाय टेकला. ती तोल न ढळू देता निघून गेली. तिच्या डोक्यावर माझ्या सायकलीच्या दुप्पट वजन असेल. तिचे छायाचित्र घ्यायला मात्र कोणी थांबले नव्हते.

पवईत मुक्काम भालेरावकडे. मिलिंद भालेराव माझा महाविद्यालयापासूनचा मित्र, मूळचा परभणीकडचा, आता एका बँकेच्या कार्यालयातून निवृत्तीच्या वाटेवर. मला जे सगळे आयुष्यात बोलता आले नाही, ते बोलण्याची जबाबदारी त्याने विद्यार्थिदशेतच घेतली होती. त्याच्या घरी ज्वारीची भाकरी, पिठले आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. बोरीवलीच्या थेपल्यांची त्याने ठेच्याबरोबर विल्हेवाट लावली.

"सुध्या, एक सांग. तू नाहूरला कशाला चाललायस?"

मी युद्धनीती समजावून सांगितली.

"म्हणजे दारात जाऊन नाही म्हणणार. फोनवर का नाही म्हणालास?"

"फोनवर बरं दिसत नाही."

"आणि तोंडावर बरं दिसेल? अरे, तू डिलिव्हरी द्यायला चाललायस. तीन दिवसांची, पत्ता विचारत, अगदी घरपोच." त्याने बायकोकडे वळून सांगितले, "याच्या लग्नात यानं भटजीला विचारलं होतं, मी आता बसू का."

"मिलिंद, खाऊ दे त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"खाऊ दे की. पण म्हणून बघ एकदा. म्हण, नाही देत."

"आत्ता?"

"आत्ता. मी तुझा भाऊजी. सुधाकर, आण ती सायकल."

मी भाकरीचा तुकडा मोडला. "बघू," असे म्हणालो.

भालेराव हसला नाही. ते मला जास्त लागले.

त्याच वेळी फोन वाजला. आरेतले छायाचित्र कोणत्या तरी ग्रुपमधून फिरत भाऊजींपर्यंत पोहोचले होते. "अरे, साठ किलोमीटर?" त्यांचा आवाज खरोखर व्याकुळ होता. "चेन झिजते रे अशाने. जरा जपून."

तिसरा दिवस: पवई ते नाहूर

पश्चिमेकडून मध्य उपनगरांत आल्याचे सगळ्यात आधी हॉर्नवरून कळते. आमच्या बाजूला हॉर्न वाजवतात ते पुढच्याने बाजूला व्हावे म्हणून. भांडुपच्या रस्त्यावर तो आपण इथे आहोत एवढेच सांगण्यासाठी वाजत असतो आणि त्याने कोणी रागावत नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी पत्र्यांनी आवळलेला, मधल्या पट्टीतून ट्रक, बस, रिक्षा, आणि मी. मनात एकच वाक्य घोळवत होतो. भाऊजी, सायकल मी देणार नाही. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागच्या जागी होते.

भांडुपला एक गृहस्थ माझ्यापुढे चालू लागले. रस्त्याच्या मधोमध, फोन कानाला. डावीकडे पत्रा आणि पत्र्याखाली खणलेले. मी त्यांच्या चालीने त्यांच्या मागे, दहा पावले, वीस पावले. घशाला खाकरण्याची तयारी झाली होती. मागून ट्रकने हॉर्न दिला. माझा अंगठा घंटीवर गेला आणि ती वाजली. एवढी मोठी वाजेल असे मला वाटले नव्हते. सात वर्षांत प्रथमच ऐकत होतो.

गृहस्थ बाजूला झाले आणि फोनवरून तोंड न काढता म्हणाले, "आधी वाजवायची ना मग." भाऊ, दहा महिने आधी वाजवायला हवी होती, असे मी मनात म्हणालो.

नाहूरच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीखाली भाऊजी उभे होते. वय सहासष्ट, नवा ट्रॅकसूट, आणि डोक्यावर कोरे हेल्मेट. ते घरातूनच घालून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सायकलीच्या दांड्यावरून बोट फिरवले.

"धुळीशिवाय काही नाही. दे इकडे, वर घेतो. खाली ठेवली तर चोरतील."

मी तोंड उघडले. वाक्य तयार होते. बाहेर पडले ते असे: "हो, हो. घ्या."

तीन दिवस, चोवीस किलोमीटर, आणि फाटकापाशी तीन शब्द. भालेराव तिथे नव्हता हे त्यातल्या त्यात बरे.

भाऊजींनी सायकल खांद्यावर घेतली. "कसली हलकी आहे," असे म्हणत ते पहिल्या मजल्यापर्यंत गेले. तिथे वळताना ते थांबले आणि हललेच नाहीत. "सुधाकर," ते निराळ्याच आवाजात म्हणाले, "धर." मला वजन उचलायला बंदी होती. मी चाक धरले, त्यांनी हळूहळू दांडा कठड्यावर टेकवला आणि तसेच वाकलेले राहिले. ताई वरून धावत आली. आम्ही दोघांनी त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन हॉलमध्ये जमिनीवर गादी घालून पालथे निजवले. हेल्मेट ताईने काढले.

"डिस्क असेल," भाऊजी गादीत म्हणाले. "सुधाकरसारखी. ऑपरेशन करावं लागेल."

"काही नाही. उसण आहे," ताई म्हणाली. "सुधाला झाली ती डिस्क. तुम्हाला झाली ती उसण."

मी डॉक्टरांना बोलावण्याचे सुचवले, पायाची बोटे हलतात का ते पाहिले. हलत होती. पायाला मुंग्या नव्हत्या. भाऊजी म्हणाले, डॉक्टर नको, तो सुया टोचतो, खालच्या मजल्यावरच्या राणेंकडे कोणी पायाळू आहे का विचारा.

ताई उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माझा जन्म आजोळी नव्हे, घरच्या गावी झाला आणि त्या वेळी घरात सुईण, आई आणि ताई एवढ्याच होत्या.

"आईनं शपथ घातली होती," ती म्हणाली. "पण आता आई नाही. सुधा, तू पायाळू आहेस."

मी हसण्याच्या बेतात होतो. ताई हसत नव्हती.

"मावशीलासुद्धा ठाऊक नाही. आई म्हणाली, कळलं तर गाव दारात लोटेल. एक तर पोर लाजाळू, नाही म्हणायचं नाही, लाथा मारता मारता जन्म जाईल त्याचा. आणि दुसरं म्हणजे वीज. पायाळूवर वीज पडते म्हणतात. लोखंड जवळ असलं तर विचारायलाच नको."

मी बसलो. "म्हणून सायकल नाही?"

"म्हणून सायकल नाही. छत्री लाकडी दांड्याची. ढग वाजले की तू शाळेतून घरी, मी मात्र शाळेतच."

"मला वाटायचं, मी भित्रा होतो म्हणून."

"भित्रा होतासच," ताई म्हणाली. "पण तेवढा नाही."

वीज लोखंडाकडे पाहून पडत नाही, पायांकडे तर नाहीच, हे मला ठाऊक आहे. आईलाही समजावून सांगता आले असते. पण कधी विचारलेच नाही. एका न विचारलेल्या प्रश्नावर मी चाळीसएक वर्षे ओटीवर बसून काढली होती.

"तुमचं बोलणं झालं असेल तर," गादीतून आवाज आला.

"उजवा पाय लाव," ताई म्हणाली. "नुसता टेकव."

परबांची आठवण झाली. त्यांच्यासारखाच मी निघालो होतो, संकोचाने, मोजा काढू की नको या विचारात. फरक एवढाच, की ते खोटे होते आणि मी अस्सल, आणि विश्वास दोघांचाही नव्हता. शेवटी दोन्ही मोजे काढून मी गादीशेजारी उभा राहिलो. भिंत लांब होती. उजवा पाय उचलून भाऊजींच्या कमरेवर अलगद टेकवला, वजन न देता, आणि सगळा भार डाव्या पायावर आला तेव्हा लक्षात आले की आपण कुठे उभे आहोत. सवयीने आकडे सुरू झाले.

अकराला पाऊल थरथरले. चौदाला ताईने हात पुढे केला, मी मानेने नको म्हणालो.

"जरा डावीकडे," भाऊजी म्हणाले. "हां. तिथेच. बरं वाटतंय रे."

वीस. डाव्या अंगठ्याखाली काहीतरी खरखरीत लागत होते. खाली पाहिले. फरशीवर सांडलेला एक रव्याचा कण. तो मला लागत होता. मी तो दाबून पाहिला आणि पुन्हा दाबून पाहिला.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"भाऊजी," मी म्हणालो, "सायकल मी देणार नाही."

ताईने माझ्याकडे पाहिले. भाऊजींनी गादीत तोंड खुपसून विचार केला. मी चौतीसवर आलो होतो.

"बरं," ते म्हणाले. "पण पाय काढू नकोस."